पूर येणाऱ्या गावातील घराची दारे

प्रश्न : आमचे घर चिपळूणला, वाशिष्ठीच्या पात्रापासून जवळच आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावर छातीएवढे पाणी चढले. आजोबांच्या वेळचे पुढचे सागवानी दार वाळल्यावर पुन्हा लागू लागले, परंतु आतली तयार दारे फुगली आणि त्यांचे थर सुटले. नवी दारे बसवायची राहूनच गेली होती. आता दुकानदार ‘इंजिनिअर्ड’ लाकडी दारे सुचवत आहेत. ती घ्यावीत का?

उत्तर : घ्यावीत, पण केवळ नावावर जाऊन नव्हे. लाकडाचे थर, पट्ट्या किंवा भुसा गोंदाने जोडून केलेले दार ते इंजिनिअर्ड दार. त्या अर्थाने आपली वाया गेलेली दारेही इंजिनिअर्डच होती. थर सुटले, त्यावरून त्यांचा गोंद दमट हवा सोसणारा, पण भिजणे न सोसणारा असावा. सागवानी दार वाचले, कारण सागात नैसर्गिक तेल असते आणि जुने सुतार दिलहे, म्हणजे चौकटीतल्या फळ्या, खाचेत गोंदाशिवाय सैल बसवत, त्यामुळे फळी फुगली तरी तिला हलायला जागा असे. ते दार कृपया काढू नका.

आतल्या खोल्यांसाठी भरीव गाभ्याचे, फिनॉल गोंदाने जोडलेले आणि आयएस २२०२ या भारतीय मानकाची खूण असलेले फ्लश, म्हणजे सपाट पृष्ठाचे, दार घ्यावे, आणि गोंदाचा प्रकार बिलावर लिहून घ्यावा. आयएस ७१० या मानकाच्या मरीन (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायवूडमध्ये याच जातीचा गोंद असतो, आणि त्याचे नमुने चाचणीसाठी ७२ तास पाण्यात उकळतात. एचडीएफचे, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीचे, साच्यातले नक्षीदार दार दिसते सुरेख, पण आपल्या तळमजल्यासाठी मी ते सुचवणार नाही. न्हाणीघराला डब्ल्यूपीसीचे, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचे, दार पुरे.

दार बसवताना फरशी आड येते, मग सुतार खालून बोटभर कापतो आणि ती कापलेली कड तशीच कोरी ठेवतो. पुढे पोछ्याचे पाणीसुद्धा तिथूनच आत शिरते आणि दोन पावसाळ्यांत दार खालून फुगते. म्हणून दार टांगण्यापूर्वी ते आडवे ठेवून, खालच्या आणि वरच्या कडेला प्रायमर व रंगाचे दोन हात आपल्या डोळ्यांदेखत द्यायला लावावेत. सनमायका लावायचा तर दोन्ही बाजूंना लावावा, नाहीतर दार वाकते.

दोन-तीन दिवस गढूळ पाण्यात उभे राहिलेल्या दाराची हमी कोणताही गोंद देत नाही. त्यासाठी पिन वर ओढून काढता येते अशा बिजागऱ्या बसवाव्यात, म्हणजे पाणी वाढण्याचा इशारा मिळताच दोघांना दार उचलून माळ्यावर नेता येईल. तेवढी सवड मिळाली नाही, तर पूर ओसरल्यावर दार उतरवून चिखल स्वच्छ पाण्याने धुवावा आणि ते उन्हात न ठेवता सावलीत, खाली ओंडके देऊन, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असे आडवे वाळवावे.