संख्याशास्त्राच्या शिक्षणात विद्यापीठ, शाळा आणि उद्योग एकत्र आल्याने नेमकं काय साधतं?

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे खरा डेटा हाती येतो. पुस्तकातल्या गणितात आकडे स्वच्छ असतात, सरासरी काढली की काम संपतं. कंपनीच्या फाइलमध्ये रकाने रिकामे असतात, एकच ग्राहक तीन नावांनी नोंदलेला असतो आणि मुळात प्रश्न काय विचारायचा हेही ठरलेलं नसतं. तो ठरवता येणं हाच मला या विषयाचा गाभा वाटतो.

ही देवाणघेवाण जुनी आहे. गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीतले विल्यम गॉसेट १९०६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्याकडे शिकायला गेले. कंपनीतल्या प्रयोगांत नमुने थोडेच मिळत. त्याच अडचणीतून त्यांचा १९०८ चा शोधनिबंध आला, ‘स्टुडंट’ या टोपणनावाने. आज सगळीकडे शिकवली जाणारी टी-चाचणी, म्हणजे थोड्या नमुन्यांवरून सरासरीतला फरक खरा की योगायोगाचा हे तपासायची पद्धत, त्यातूनच उभी राहिली.

शाळांसाठी ‘सेन्सस ॲट स्कूल’ पाहा. २००० साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात मुलं स्वतःबद्दलची माहिती भरतात आणि त्याच आकड्यांवर काम करतात. कॉलेजच्या मुलांसाठी ‘डेटाफेस्ट’ ही स्पर्धा आहे, तीत एखाद्या संस्थेचा खरा डेटा घेऊन गट शनिवार-रविवार झुंजतात.

फक्त एक सांगतो: उद्योगातल्या पाहुण्याचं एखादं व्याख्यान म्हणजे भागीदारी नव्हे. शिक्षकाला तो डेटा आधी स्वतः हाताळायला वेळ मिळायला हवा, आणि कंपनीने फाइल देण्यापूर्वी लोकांची ओळख पटेल असं सगळं त्यातून काढून टाकायला हवं.