आपले प्रश्न : बुकिंगची यादी अर्ध्यातच अडकते

प्रश्न : प्रवास आरक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन होते, पण उड्डाणांची यादी मागवली की चक्र फिरतच राहते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र सर्व सुरळीत चालते. सॉफ्टवेअर पुन्हा टाकावे का?

उत्तर : तसे करून काही साधणार नाही. लहान उत्तरे येतात आणि मोठी अडकतात, हे लक्षण बहुधा जोडणीतील दोषाचे असते. साध्या इथरनेटवर (तारेच्या स्थानिक जोडणीवर) १५०० बाइटपर्यंतचे पॅकेट, म्हणजे माहितीचा एक गठ्ठा, जाते. परंतु अनेक ब्रॉडबँड कंपन्या पीपीपीओई (ग्राहकाचे लॉगिन तपासून जोडणी देणारी) पद्धत वापरतात आणि तिच्या वेष्टनात ८ बाइट खर्च होऊन १४९२च उरतात. मोठे पॅकेट आले, तर ‘आकार कमी करा’ असा आयसीएमपी (जोडणीतील अडचणी कळवणारा) संदेश सर्व्हरला परत जायला हवा, पण सुरक्षेच्या नावाखाली वाटेत कोणी तो अडवला, तर सर्व्हर तेच पॅकेट पुनःपुन्हा पाठवत बसतो. (ही सुरक्षा कोणाची, हा प्रश्न वेगळाच.)

पॅकेटचे तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटचा पिंग (जोडणी तपासणारा चाचणी संदेश) पाठवून पाहा. तो अडला आणि १४६४चा गेला, तर शंका पक्की समजा, कारण पॅकेटला जोडल्या जाणाऱ्या शीर्षकांचे (हेडर) २८ बाइट धरून ही बेरीज नेमकी १४९२ होते. मग राउटरमध्ये एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ आणि एमएसएस (त्यातील प्रत्यक्ष माहितीचा कमाल आकार) १४५२ ठेवा. राउटर कंपनीच्या ताब्यात असेल, तर तक्रारीत ‘इंटरनेट संथ आहे’ असे न लिहिता हे दोन आकडे लिहा.