स्प्रिंग सीट वेल्ड केल्यावर अ‍ॅक्सल हाउसिंगला बाक का येतो?

मालवाहू पिकअपच्या मागील अ‍ॅक्सल हाउसिंगवर (चाकांचा आस ज्या नळीत बसतो तिच्यावर) दोन्ही स्प्रिंग सीट (स्प्रिंग टेकण्याच्या बैठका) वरच्या अंगाने वेल्ड केल्यावर नळीची टोके सुमारे दीड मिलिमीटर उचलली गेली आणि फिक्स्चर (नळी क्लॅम्पने जखडून धरणारी चौकट) अधिक आवळूनही पुढच्या नगात तेवढाच बाक आला, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते दोष क्लॅम्पचा नाही.

पोलादाची एक मीटर लांबी 100 अंश सेल्सिअसने तापली की साधारण 1.2 मिलिमीटर वाढते. वेल्डलगतच्या तापलेल्या पट्ट्याला मात्र भोवतालचा थंड धातू मोकळेपणी वाढू देत नाही; मऊ पडलेला तो पट्टा जागच्या जागी दबतो आणि निवताना आकसून नळीला आपल्याकडे ओढतो. म्हणूनच टोके वर येतात, चाकांचे माथे आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतो. क्लॅम्प ही ओढ नाहीशी करत नाही, तो ती फक्त धातूत कोंडून ठेवतो.

सर्वांत आधी वेल्डचा धातू कमी करा. फिलेट (दोन भागांच्या कोपऱ्यात भरलेला तिकोनी वेल्ड) 6 ऐवजी 8 मिलिमीटरचा झाला, तर भरला जाणारा धातू पाऊणपटीहून अधिक वाढतो आणि ओढही वाढते. हा जास्तीचा धातू बहुतेक वेळा ड्रॉइंगमुळे नव्हे, तर फटीमुळे भरला जातो. सीटची कमान नळीच्या गोलाईला नीट बसत नसेल, तर वेल्डर ती फट भरत बसतो आणि त्याला दोष देता येत नाही. मी अनेक वर्षे वेल्डचा क्रम बदलून पाहत होतो; सीट ग्राइंड करून नळीला चपखल बसवू लागल्यावर जो फरक पडला, तो क्रमाने कधीच पडला नव्हता.

तरीही क्रम सांभाळावाच लागतो. चारही कोपऱ्यांना टॅक (जागा धरून ठेवणारे वेल्डचे ठिपके) मारून डाव्या सीटच्या पुढच्या कडेला छोटा रन (वेल्डची एक सलग रेघ) द्यावा, मग उजव्या सीटच्या मागच्या कडेला, आणि असेच आलटूनपालटून पुढे जावे. त्याने पुढे-मागे येणारा बाक आटोक्यात राहतो. वर-खाली येणारा बाक मात्र क्रमाने जाणार नाही, कारण आपले सगळे वेल्ड नळीच्या मध्यरेषेच्या एकाच बाजूला आहेत. तेथे नळीला आधीच उलटा बाक द्यावा लागतो. मधल्या भागाखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) ठेवून टोके खाली दाबावीत आणि जॉब हाताला गार लागेपर्यंत क्लॅम्प सोडू नयेत. दीड मिलिमीटरपासून सुरुवात करून दोन-तीन नगांवर हे माप पक्के करावे. पाणी ओतून जॉब निववण्याचा मोह कृपया टाळा, कारण त्यामुळे वेल्डलगतचा धातू कडक होऊन तडा जाण्याची भीती असते.

मोजणीसाठी बेअरिंगच्या बोअरमधून (बेअरिंग बसते त्या भोकातून) डमी बार (मोजणीपुरती सरळ दांडी) घालून टॅकनंतर, प्रत्येक सीट झाल्यावर आणि पूर्ण निवल्यावर डायल गेजने (बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) नोंद घ्यावी. शक्य असेल तर बेअरिंगच्या जागांचे अंतिम मशिनिंग वेल्डिंगनंतरच ठेवावे.

वाकलेली दोन हाउसिंग टाकून देऊ नका. ती साध्या कमी कार्बनच्या पोलादाची असल्याची खात्री करून घ्या आणि मगच सीटच्या बरोबर खालच्या बाजूला छोटा पट्टा मंद लाल होईपर्यंत तापवा. पूर्ण निवल्यावर मोजा, आणि गरज उरली तरच शेजारी दुसरा पट्टा घ्या.