असायलमचा निकाल यंदा लागेल असं धरून चालू नका, आधी सातबारा काढा

पत्र न्यू जर्सीहून आलंय. नाव, गाव आणि असायलम (परदेशात आश्रय) मागण्याचं कारण मी काढून टाकलंय, त्यावरून कुणी ओळखायला नको. बाकी मजकूर थोडा छाटून असा:

"ताई, चार वर्षांपूर्वी व्हिजिटर व्हिसावर आलो, वर्षाच्या आत असायलमची केस टाकली. अजून इंटरव्ह्यूचं बोलावणंसुद्धा नाही. वर्क परमिट आहे, वेअरहाऊसमध्ये काम करतो, हातात महिना २,९०० डॉलर येतात, खर्च १,८०० चा. १४,००० साठलेत. वकील म्हणतो ६,००० दे, मॅन्डॅमस (निर्णय द्यायला लावणारा कोर्टातला दावा) टाकू, निकाल लवकर लागेल. घरचे म्हणतात शेजारचं एक एकर विकायला निघालंय, ते घेऊन टाक. यातलं काय करू? बाकी मंदिरात ओळख झालेल्या एकाकडून आययूएल पॉलिसी (शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) घेतलीय, महिना ३०० डॉलर. निघताना बाबांनी गावातल्या एकाकडून शेकडा तीननं १२ लाख घेतले होते, त्याचं व्याज दुकानातून भावाकडे रोखीनं पाठवतो, कधी चुकवलं नाही. त्यापोटी दीड एकराची खरेदी त्या सावकाराच्या नावावर करून दिलीय पण ती फक्त नावाला, पैसे फिटले की परत करणार आहेत. यंदा निकाल लागला की बायको-मुलीला बोलावून घेईन आणि मग सगळं फेडून टाकीन."

दादा, एक एकराचं आधी संपवते. तुमच्या नावावर ते घेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला फेमा या परकीय चलन कायद्याखाली शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आली तर गोष्ट वेगळी. बाबा शेतकरी आहेत, त्यांच्या नावावर होईल, पण स्वतःची दीड एकर दुसऱ्याच्या नावावर असताना शेजारची एक एकर घ्यायची हे मला अजिबात पटत नाही. विषय बंद.

आता जे तुम्ही विचारलंच नाही त्यावर येते, कारण पत्रात सगळ्यात मोठी आग तिथे लागलीय आणि तुम्ही ती एका ओळीत लिहून पुढे गेलात. १२ लाखावर शेकडा तीन म्हणजे महिना ३६,०००, वर्षाला सव्वाचार लाखाच्या वर. चार वर्षांत १७ लाखाच्या पुढे व्याज गेलं आणि मुद्दल जागच्या जागी, १२ लाख. डॉलर ९० चा धरला तर दर महिन्याला ४०० डॉलर. तुम्ही म्हणता कधी चुकवलं नाही, आणि तो अभिमान मला समजतो, पण कधी न चुकवता तुम्ही वर्षाला ३६ टक्के भरताय आणि १४,००० डॉलर बाजूला ठेवून भरताय! असायलमचा निकाल लांबतोय त्याची किंमत तुम्ही अशी महिन्याच्या महिन्याला मोजताय, ती जमिनीच्या जिवावर, आणि जमीन बाबांची.

आणि "नावाला खरेदी" असं कायद्यात काही नसतं. दुय्यम निबंधकासमोर सही-अंगठा होऊन खरेदीखत नोंदलं गेलं की कागदावर तो मालक. उद्या त्यानं ती जमीन तिसऱ्याला विकली, किंवा तो गेला आणि त्याची पोरं म्हणाली आम्हाला काही माहीत नाही, तर बाबा कुणाकडे बघणार? त्यामुळे या आठवड्यात एकच काम करा, त्या गटाचा सातबारा ऑनलाइन काढा आणि भोगवटादाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे, फेरफार कुठल्या नंबरचा आहे, आणि पीक पाहणीत पीक कुणाच्या नावानं लागलंय ते बघा. कब्जा बाबांकडे असेल आणि पीक तेच घेत असतील तर तो तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे.

दुसरी गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे. लायसन्स असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के घेता येतात, महिन्याला तीन नाही. त्याच कायद्यात दामदुपटीचा नियम आहे, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आणि तुमचं व्याज मुद्दलाच्या कधीच पुढे गेलंय. हा माणूस विनापरवाना असेल (बहुतेक असणारच) तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते आणि सावकारीतून बळकावलेली जमीन परत द्यायचा आदेश त्यांना देता येतो. मी वकील नाही, म्हणून बाबांना तालुक्याच्या दिवाणी वकिलाकडे पाठवा, दोन-तीन हजार फी जाईल, जाऊ दे. पण थेट भांडायला जाऊ नका, कागद त्याच्या हातात आहे. वकिलाकडून आधी सगळं समजून घ्यायचं, मग मध्यस्थ घालून तडजोडीला बसायचं. आकडा खाली येईलही, पण हिशेब पूर्ण १२ लाखाचाच धरूया, आशेवर नको.

१४,००० मधले ९,००० काढा, म्हणजे ८ लाख झाले. उरलेल्या ४ लाखांसाठी घरातल्या सोन्यावर बँकेतून गोल्ड लोन, सोनं बायकोचं असेल तर तिला सगळा हिशेब दाखवून, तिच्या संमतीनं. आजच्या भावात सात-आठ तोळ्यांवर एवढं सहज बसतं. व्याज वर्षाला १० टक्के धरलं तर ४०,०००, म्हणजे जे आज सव्वा महिन्याच्या आत जातंय ते वर्षाला जाईल. पैसे द्यायचे ते उलट खरेदीखताच्या (जमीन परत बाबांच्या नावावर करणाऱ्या कागदाच्या) दिवशी, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात, बाबांच्या बँक खात्यातून, आणि खतात तो व्यवहार लिहून. स्टॅम्प ड्युटीचा खर्च येईल, तो वकिलाकडून आधीच काढून घ्या. आधी पैसे मग कागद असं तो म्हणाला तर बाबांनी उठून घरी यायचं.

आतापर्यंत व्याज तुम्ही रोखीनं पाठवत आलात असं दिसतंय, दुकानातून पैसे, मग भाऊ, मग सावकाराच्या हातात, पावती कशाचीच नाही. ते थांबवा. अमेरिकेतून रोखीनं पैसे पाठवण्यावर जानेवारी २०२६ पासून १ टक्का टॅक्स लागलाय, बँक खात्यातून पाठवलं तर नाही. जुन्या पाठवणीच्या जेवढ्या स्लिपा फोनमध्ये असतील तेवढ्या जपून ठेवा, दर महिन्याला तेवढीच रक्कम गेलीय हे त्यातून दिसतं.

आता तुमच्या "यंदा निकाल लागला की" बद्दल. हे वाक्य मला अशा प्रत्येक पत्रात भेटतं आणि दर वेळी जीव तुटतो, कारण सगळा संसार त्या एका तारखेवर टांगलेला असतो आणि ती तारीख कुणाच्याच हातात नसते. जानेवारी २०१८ पासून तिथलं इमिग्रेशन खातं शेवटी आलेला अर्ज आधी घेतं, म्हणजे तुमच्यासारखे जुने मागे पडत जातात. २०२४ पासून थोडे अधिकारी सगळ्यात जुन्या केसेसवर लावलेत, पण साठलेले अर्ज दहा लाखांच्या वर गेलेले आहेत. त्यात नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी असायलमचे सगळेच निर्णय थांबवले गेले. यात तुमचं काही चुकलेलं नाही, मुलगी तिकडे वाढतेय आणि इकडे फोनवरच बघायचं हे सोसणं किती अवघड आहे ते मी ओळखते, पण पैशाचं प्लॅनिंग करताना निकाल अजून पाच वर्षं येणार नाही असंच धरायचं. लवकर आला तर आनंदच आहे.

मग खरी भीती निकालाची नाही, वर्क परमिटची आहे. पूर्वी रिन्यूअल वेळेत टाकलं की जुनं परमिट आपोआप ५४० दिवस चालायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना ते मिळत नाही. नवीन परमिटची मुदतही ५ वर्षांवरून १८ महिन्यांवर आणलीय. म्हणजे कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही तर मालक तुम्हाला दुसऱ्या दिवशी घरी बसवेल, काम चांगलं असलं तरी. मुदत संपायच्या १८० दिवस आधी अर्ज टाकता येतो, तर तो त्याच आठवड्यात जाऊ दे, आणि सहा महिन्यांचा खर्च, साधारण ११,००० डॉलर, सेव्हिंग्जमध्ये पडून असू दे. आज कर्ज फेडून ५,००० उरतील. व्याजाचे ४०० आणि आययूएलचे ३०० सुटले की गोल्ड लोनचं व्याज जाऊनही महिना साडेसहाशे जादा वाचतात, नुसत्या त्यांवरच नऊ महिन्यांत तुम्ही ११,००० च्या जवळ. त्यानंतर तेच पैसे गोल्ड लोनच्या मुद्दलात. घर बदललं की दहा दिवसांत खात्याला नवा पत्ता कळवा, इंटरव्ह्यूचं पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहिलं तर चार वर्षं पाण्यात.

आययूएल बंद करा. ज्या माणसाचं परमिट कधी अडकेल सांगता येत नाही, ज्याच्या घरावर ३६ टक्क्यांचं कर्ज आहे, त्याला दहा-पंधरा वर्षं सरेंडर चार्ज (मधेच सोडली तर कापली जाणारी रक्कम) असलेली पॉलिसी विकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो, आणि आपलीच माणसं आपल्याच माणसांना देवळात, हळदीकुंकवाला गाठून हे करतायत. सात टक्क्यांचा जो तक्ता दाखवतात तो इलस्ट्रेशन आहे, गॅरंटी नाही. विम्याचा खर्च आधी कापला जातो, वर परताव्याला कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, असते. भरलेले गेले म्हणून आणखी भरू नका, सरेंडर व्हॅल्यू लेखी मागा. बायको-मुलगी आणि आईबाबा तुमच्यावर आहेत, तर साधा टर्म प्लॅन घ्या, तो मिळाल्यावर मग ही सोडा.

मॅन्डॅमसचं शेवटी, कारण ते आज करायचंच नाहीये. तो फेडरल कोर्टातला दावा आहे, कोर्टाची फी ४०५ डॉलर, बाकी वकिलाची. त्यानं खातं निर्णय घ्यायला हलतं, तुमच्या बाजूनं हलतं असं नाही. पुरावे चार वर्षं जुने, साक्षीदारांची ॲफिडेव्हिट्स नवी केलेली नाहीत आणि इंटरव्ह्यूची तारीख पटकन आली, तर ६,००० देऊन तुम्ही नकार लवकर ओढवून घ्याल आणि केस इमिग्रेशन कोर्टात जाईल. वकिलाला सरळ विचारा, महिन्याभरात इंटरव्ह्यू लागला तर माझी फाइल तयार आहे का? तो अडखळला तर दुसऱ्या वकिलाचं मत घ्या. फुकट काम करणाऱ्या संस्थांची यादी इमिग्रेशन कोर्टाच्या वेबसाइटवर असते.

बाबांकडून खरेदीखताची प्रत आणि सातबाऱ्याचा उतारा व्हॉट्सॲपवर मागवा आणि मला पाठवा, सोबत आययूएलचं शेवटचं स्टेटमेंट. तोपर्यंत १४,००० मधला एक डॉलरही हलवू नका.