कडेवरून परावर्तन की कडेशी विवर्तन?

प्रश्न थोडक्यात असा: स्पीकरच्या खोक्यांवर मराठीत लिहिताना प्रश्नकर्त्यांनी ‘खोक्याच्या कडेवरून होणारं ध्वनीचं परावर्तन’ असं लिहिलं. मित्राने ‘परावर्तन’ खोडून ‘विवर्तन’ केलं. त्यावर त्यांचं म्हणणं, विवर्तन हा हिंदीतला शब्द, कुणाला कळत नाही. आणि आवाज कडेला आपटूनच येतो, तर परावर्तन म्हणायला हरकत काय?

हरकत एवढीच, की आवाज कडेला आपटत नाही. आपटायला वाटेत काहीतरी आडवं यावं लागतं. इथे उलट घडतं, असलेलं संपतं. खोक्याच्या दर्शनी फळीत ट्वीटर, म्हणजे उंच सुरांसाठीचा छोटा स्पीकर, बसवलेला असतो. त्यातून निघालेली लाट समोर जाते तशी फळीला लगटून बाजूंनाही पसरते. तोवर मागे जायची वाट फळीने अडवलेली असते. कडेशी फळी संपते आणि लाटेला एकदम मागची जागाही मोकळी मिळते. ती तिकडे वळते आणि तिथला दाब अचानक उतरतो. या उतरण्याचाच परिणाम असा, की जणू कडेशी एक छोटा स्पीकर बसवला आहे आणि तोही पुढे आवाज पाठवतो आहे. हा दुसरा आवाज मूळ आवाजाच्या उलटा असतो: तिकडे संपीडन (हवा दाटणं) तर इकडे विरलन (हवा विरळ होणं). भिंतीवर आपटून परतणाऱ्या आवाजात अशी उलटापालट होत नाही. तेव्हा परावर्तन म्हटलं की नुसता शब्द चुकत नाही, वाचणारा गणितही चुकीचं मांडतो.

आता ‘हिंदीतला शब्द’ या आक्षेपाबद्दल. हिंदी पुस्तकांतही विवर्तनच आहे, खरं आहे. पण मग परावर्तनही आहे आणि अपवर्तनही. तिन्ही एकाच ‘वृत्’ धातूची भावंडं. वृत् म्हणजे वळणं, फिरणं. परा लागला की मागे वळणं, अप लागला की मूळ दिशा सोडून वळणं, वि लागला की निराळं होत, फाकत वळणं. तालाचं आवर्तन याच घरातलं आणि शाळेतलं वर्तुळही. आवर्तन आपलं आणि विवर्तन परकं, हा न्याय मला पटत नाही. वेदान्तातला विवर्तही जवळचाच नातलग: दोरी दोरीच राहते, दिसतो मात्र साप. कडेशी जे घडतं त्याला तो अर्थ गमतीदारपणे लागू पडतो, कारण आवाज ट्वीटरमधून येत असतो आणि कान मात्र खोक्याच्या कडा ‘पाहू’ लागतो.

विवर्तनासाठी युरोपीय भाषांतला शब्द (इंग्रजीत diffraction) इटलीतले शास्त्रज्ञ फ्रान्चेस्को ग्रिमाल्दी यांनी घडवला. त्यांचा ग्रंथ 1665 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापला गेला. त्यांनी निवडलेल्या लॅटिन धातूचा अर्थ ‘मोडणं’. म्हणजे तिकडे प्रकाश मोडतो, आपल्याकडे वळतो. माझ्या मते आपला शब्द घटनेच्या जास्त जवळ जातो.

साधा मराठी शब्द हवाच असेल तर ‘वळसा’ चांगला आहे. ‘आवाज कडेला वळसा घालून मागे जातो’ हे कुणालाही कळतं आणि ऐकताही येतं. बोलण्याचं ध्वनिमुद्रण लावा आणि चालत स्पीकरच्या मागे जा. आधी ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, मग शब्दांची धार जाते, शेवटी उरतो तो घुमणारा आवाज. 100 हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 3.4 मीटर, तिच्यापुढे 20 सेंटिमीटर रुंदीचं खोकं म्हणजे काहीच नाही, ती सहज वळसा घालते. 10,000 हर्ट्‌झची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरही नाही. तिला तेच खोकं भिंतीसारखं, म्हणून तो आवाज बराचसा पुढेच राहतो.

पण वळशात निम्मीच गोष्ट येते. मागे गेलेल्या आवाजाची सोय झाली. कडेशी नव्याने उगवून पुढे येणाऱ्या आवाजाचं काय? ऐकणाऱ्याच्या कानाशी खोडी काढतो तो हाच. समजा, ट्वीटर एका गोल फळीच्या बरोबर मध्यात आहे आणि कड सगळीकडून 17 सेंटिमीटरवर. समोर लांब बसलेल्याला कडेचा आवाज सुमारे अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. 1000 हर्ट्‌झला हा उशीर अर्ध्या तरंगाचा. मुळात उलटा असलेला आवाज त्यामुळे सुलटा होतो आणि मूळ आवाजात भर घालतो. 2000 हर्ट्‌झला उशीर पूर्ण तरंगाचा. तिथे तो उलटाच राहतो आणि मूळ आवाज खातो. एका जागी उंचवटा, एका जागी खड्डा. फळी गोल असल्याने साऱ्या कडा एकाच सुरात हा उद्योग करतात. म्हणून दिसायला सुबक, पण ऐकायला ही मांडणी वाईटच. ट्वीटर मध्यापासून जरा सरकवला की अंतरं वेगवेगळी होतात आणि खड्डे विखुरले जाऊन उथळ होतात. अमेरिकी ध्वनितज्ज्ञ हॅरी ओल्सन यांनी वेगवेगळ्या आकारांची खोकी मोजून 1951 साली निष्कर्ष मांडले. त्यांत सर्वांत सपाट आलेख, म्हणजे सर्वांत कमी उंचवटे-खड्डे असलेला, आला तो चेंडूच्या आकाराचा, कारण त्याला कडच नाही. कडा गोल करण्यामागेही हाच विचार आहे, मात्र गोलाई तरंगलांबीच्या तुलनेत मोठी हवी. सेंटिमीटरभर गोलाई शोभेला ठीक. 1000 हर्ट्‌झच्या 34 सेंटिमीटरच्या लाटेला ती जाणवतही नाही.

राहिला ‘कड’. खोक्यासाठी हाच शब्द योग्य. काठ नदीला आणि साडीला, धार सुरीला, आणि कोपरा म्हणजे कडा जिथे भेटतात तो. अनेकवचन ‘कडा’ लिहिलं की डोंगराचा कडा आठवतो, पण संदर्भाने निभावतं. जपायचं ते विभक्तीला. ‘कडेवर होणारं विवर्तन’ वाचलं की मला आधी कडेवर घेतलेलं मूल दिसतं! ‘कडेवरून’ म्हटलं की पुन्हा तेच आपटून येणं डोकावतं. ‘कडेशी’ किंवा ‘कडेपाशी’ म्हणावं. आणि ‘कडा ध्वनीचं विवर्तन करतात’ असंही नको. वळतो तो ध्वनी, कड नुसती संपते. वृत् धातूही अकर्मकच आहे.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘खोक्याच्या कडांशी ध्वनीचं विवर्तन होतं, म्हणजे काही आवाज वळसा घालून मागे जातो आणि काही कडेशी नव्याने उगवल्यासारखा, उलटा होऊन, पुढे येतो.’ पहिल्यांदा एवढं सांगितलंत की पुढे लेखभर नुसतं ‘विवर्तन’ चालेल.