काजव्याच्या उजेडाचे रसायन कितपत निर्धोक?

प्रश्न : माझी पुतणी नागपूरला संशोधन करते. काजव्याच्या अंगातले ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य उंदरांना टोचून त्यांच्या पोटातली गाठ कॅमेऱ्याने पाहतात, असे ती सांगते. आमच्याकडे कपाशीवरच्या फवारणीच्या औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. या द्रव्याचीही तशी तपासणी होते का, आणि ते हाताळणाऱ्याला धोका आहे का?
— एक शेतकरी वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतो : एकदाच दिलेल्या किती मात्रेने प्रयोगातले निम्मे प्राणी दगावतात. तोंडावाटे दिल्यावर वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेने तसे घडत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. ल्युसिफेरिन हे कीटकनाशक नसल्यामुळे त्याच्या कुपीला हा त्रिकोण लागत नाही. त्याचे सुरक्षा माहितीपत्रक असते. ते वाचताना, ‘माहिती उपलब्ध नाही’ असा शेरा जिथे दिसेल तिथे ‘धोका नाही’ असा अर्थ कृपया घेऊ नये.

उंदराला ल्युसिफेरिनची मात्रा सहसा किलोमागे १५० मिलिग्रॅम दिली जाते, म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला ३ मिलिग्रॅम. गाठीतल्या पेशींमध्ये काजव्याच्या ल्युसिफरेज या विकराचे जनुक आधीच घातलेले असते, आणि ल्युसिफेरिन, ऑक्सिजन व पेशीतले एटीपी हे ऊर्जाद्रव्य तिथे एकत्र आले की उजेड पडतो. तोच उंदीर पुढे कित्येक आठवडे पुनःपुन्हा तपासायचा असल्याने एका मात्रेची चाचणी पुरत नाही. त्यामुळे नवे द्रव्य असेल तर आधी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी त्यात जगतात का आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात का, हे पाहावे. मग वारंवार मात्रा देऊन वजन, यकृत आणि मूत्रपिंड तपासावे, आणि तुलनेसाठी काही उंदरांना नुसते द्रावक द्यावे, कारण अपाय कधीकधी द्रावकाचाच असतो.

या चाचण्यांना माझ्या मते आणखी एका कारणाने फार मोल आहे. द्रव्यच विषारी निघाले आणि पेशी मरू लागल्या, तर एटीपी घटते आणि उजेड मंदावतो. पाहणाऱ्याला वाटते, गाठीवर ज्या औषधाची चाचणी चालू आहे त्यानेच ती आटली. अशा चुकीच्या निष्कर्षावर उद्या रुग्णाचा उपचार उभा राहू नये, म्हणून द्रव्याची निर्धोकता आधी सिद्ध व्हायलाच हवी.

आता पुतणीबद्दल. या उजेडात किरणोत्सर्ग नसतो. पूड तोलताना व द्रावण करताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि प्रयोगाच्या खोलीत काही खाऊ-पिऊ नये. ल्युसिफेरिनपेक्षा अधिक जपायला हवे ते सुईपासून आणि उंदरांना बेशुद्ध करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आयसोफ्लुरेनच्या वाफेपासून. ती वाफ खोलीत न साचता बाहेर ओढून घेण्याची सोय तिथे चालू आहे का, एवढे तिला आवर्जून विचारावे.