'पदकविजेते' सुभेदार? मोहीमपदकाविषयी थोडं

प्रश्न असा आला आहे: गावच्या सत्कार समारंभाच्या पत्रिकेत एका निवृत्त सुभेदारांच्या नावाखाली 'रक्षा पदक, संग्राम पदक व सैन्य सेवा पदक विजेते' असं छापलंय. ही शौर्यपदकं आहेत का? नसतील तर 'कॅम्पेन मेडल'ला मराठीत काय म्हणायचं? आणि 'विजेते' बरोबर आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरा घोळ तिथेच आहे. 'विजेता' म्हटलं की स्पर्धा आली, हरलेले आले. कुस्तीच्या फडात किंवा ऑलिंपिकमध्ये पदकविजेता असतो. इथे सुभेदारसाहेबांनी कुणाला हरवून पदक मिळवलेलं नाही. ठरलेल्या काळात, ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या अटींत ते सेवेत होते, म्हणून ते पात्र ठरले. त्यांच्या पलटणीतल्या स्वयंपाक्यालाही तेच पदक मिळालेलं असू शकतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. परमवीर चक्र, वीर चक्र, सेना पदक यांच्यामागे त्या माणसाचं नेमकं काम असतं, शिफारस असते. मोहीमपदकात, म्हणजे 'कॅम्पेन मेडल'मध्ये, बघतात ते तुम्ही कुठे होतात, केव्हा होतात आणि किती दिवस होतात एवढंच. त्यामुळे ही शौर्यपदकं नव्हेत.

शब्द म्हणून मी 'मोहीमपदक'च सुचवीन. मोहीम हा शब्द अरबी-फारसीतून आला खरा, पण 'मोहीमशीर होणे' इतका मराठी वाक्प्रचार दुसरा कोणता सापडेल? स्वच्छता मोहीम आणि लसीकरण मोहीम यांनी त्याची धार बोथट केली, म्हणून काहींना 'युद्धपदक' बरं वाटतं. मला ते अपुरं वाटतं. सियाचीनसाठी वेगळं पदक आहे, नागा टेकड्यांतल्या कारवायांसाठी दिलेलं आहे. या दोन्हींना कुणी रीतसर 'युद्ध' म्हटलेलं नाही. मोहिमेत युद्धही बसतं आणि हेही बसतं.

'पदक' तर आपल्याकडे सैन्याच्याही आधीपासून आहे, साखळीत ओवून छातीवर रुळणारा दागिना म्हणून. गंमत म्हणजे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळात पश्चिम हिंदुस्थानात लढायला आलेल्या आपल्या हिंदी शिपायांना ईस्ट इंडिया कंपनीने १७८४ च्या सुमारास जे 'डेक्कन मेडल' दिलं, ते दोरीने गळ्यात घालायचं होतं. मेडल गळ्यातून छातीवरच्या फितीवर गेलं ते नंतर.

कंपनीचंच दुसरं उदाहरण पात्रतेच्या दृष्टीने फार बोलकं आहे. १८०३ ते १८२६ या काळातल्या लढायांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' मंजूर झालं १८५१ साली! फितीवर ज्या धातूच्या पट्ट्या लावायच्या, त्यांवर नावं होती असई, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव, अर्थात इंग्रजांनी जशी उच्चारली तशी. अट एकच मोठी होती: माणूस तोवर हयात हवा. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची, म्हणजे तिथल्या शिपायाने आणखी ३३ वर्षं तग धरली असेल तरच पदक. असईवाल्यांना तर ४८ वर्षं थांबावं लागलं. लढलेले बहुतेक तोवर गेलेच होते.

आता पत्रिकेतली पदकं. १९६५ च्या युद्धासाठी दोन होती. ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६ या काळात प्रत्यक्ष रणक्षेत्रात ठरलेली सेवा केली त्यांना 'समर सेवा स्टार'. आणि ५ सप्टेंबर १९६५ रोजी ज्यांची सेवा १८० दिवसांची भरली होती त्यांना 'रक्षा पदक', मग ते आघाडीवर असोत वा पुण्यातल्या एखाद्या डेपोत. म्हणून नुसत्या रक्षा पदकावरून 'पासष्टच्या युद्धात आघाडीवर लढले' असं भाषणात ठोकून देऊ नये. लढलेही असतील, पण ते या पदकावरून कळत नाही. आधी त्यांच्या फितींत समर सेवा स्टार आहे का ते विचारा.

१९७१ मध्येही तीच विभागणी दिसते. 'संग्राम पदक' व्यापक, आणि प्रत्यक्ष रणभूमीसाठी दोन स्टार: पश्चिमेकडच्यांना 'पश्चिमी स्टार', बांगलादेशच्या बाजूच्यांना 'पूर्वी स्टार'. हे दुसरं नाव मराठी वाचकाला हमखास चकवतं. हिंदीत 'पूर्वी' म्हणजे पूर्वेकडचा, आपल्याकडे मात्र 'फार पूर्वी'तला पूर्वी. 'सुभेदार, पूर्वी स्टार' असं छापलं तर माणूस एके काळी सिनेमात होता असंच वाटेल. नाव अधिकृत असल्याने बदलता येत नाही, पण अवतरणचिन्हांत टाकावं आणि शेजारी '१९७१' लिहावं. स्टार म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदकच. तेव्हा 'स्टार पदक' हे 'पिवळा पीतांबर' झालं.

तसाच चकवा 'सामान्य सेवा पदका'त आहे. इथे सामान्य म्हणजे साधारण नव्हे. प्रत्येक कारवाईला नवं पदक पाडण्याऐवजी एकच पदक ठेवायचं आणि कारवाई कोणती ते फितीवरच्या पट्टीने सांगायचं, अशी ती सोय. फौजेत या पट्टीला 'क्लॅस्प' म्हणतात, मराठीत नुसतं 'पट्टी' म्हटलं तरी भागतं. १९६५ च्या सामान्य सेवा पदकाची एक पट्टी 'कच्छ कारगिल १९६५' अशी आहे. कारगिल हे नाव १९९९ मध्येच पहिल्यांदा ऐकलेल्यांनी ती जरूर पाहावी.

त्याच्या आधीचं 'जनरल सर्व्हिस मेडल १९४७'. त्याच्या दर्शनी बाजूवर टोक वर केलेली भवानी तलवार आहे, मागे कमळ. मराठी घरात ते पदक असेल तर आजोबांची फीत जरा उलगडून बघाच. जम्मू-काश्मीर, कोरिया, लडाख १९६२ अशा त्याच्या पट्ट्यांत एक आहे 'गोवा १९६१'. इथे आणखी एक गफलत नेहमी होते. डिसेंबर १९६१ च्या गोवा कारवाईचं नाव 'ऑपरेशन विजय' आणि १९९९ च्या कारगिलचंही 'ऑपरेशन विजय'. पण 'ऑपरेशन विजय स्टार' आणि 'ऑपरेशन विजय पदक' ही दोन्ही कारगिलची. गोवा मुक्तीत उतरलेल्या जवानाकडे 'गोवा १९६१'ची पट्टी असणार. साठच्या दशकात निवृत्त झालेल्या माणसाला 'ऑपरेशन विजय पदक' चिकटवलेलं वाचलं की समजावं, लिहिणाऱ्याने फक्त नाव जुळवलं.

राहिलं 'सैन्य सेवा पदक'. हे आणि 'सेना पदक' दोन्ही १९६० सालची, नावंही जुळ्यासारखी, आणि वर्तमानपत्रांत त्यांची सर्रास अदलाबदल होते. सेना पदक शौर्यासाठी किंवा विशेष कर्तव्यनिष्ठेसाठी, वैयक्तिक. सैन्य सेवा पदक खडतर भागातल्या सेवेसाठी. त्याच्या पट्ट्यांवर हिमालय, जम्मू-काश्मीर, अंदमान-निकोबार अशी प्रदेशांची नावं असतात. सेना पदक मिळालेल्याच्या नावापुढे त्या पदकाची आद्याक्षरं लागतात. मोहीम किंवा सेवेच्या पदकांना ती पद्धत नाही, त्यामुळे ही पदकं नावाला जोडून मिरवू नयेत. वेगळ्या ओळीत द्यावीत.

आणि क्रियापद? 'पटकावलं', 'जिंकलं', 'बहाल झालं' यांतलं कुठलंच नको. 'मिळालं' पुरेसं आहे. 'मानकरी' शौर्यपदकांसाठी राखून ठेवावा असं माझं मत. इथे 'पदकप्राप्त' किंवा 'पदकधारक' नीट बसतं. पत्रिका अजून छापखान्यात गेली नसेल तर ओळ अशी करा: 'सुभेदार (निवृत्त), १९६५ व १९७१ च्या युद्धकाळात सेवा, रक्षा पदक, संग्राम पदक व सैन्य सेवा पदक प्राप्त.' तिसऱ्या पदकावरची पट्टी कोणती तेवढं त्यांनाच विचारून कंसात घाला.